पहिला हात

दिवाळीचा किल्ला हा मुलांचा खेळ आहे असे आपण म्हणतो. पण आमच्या मावळात तो वडीलधाऱ्यांच्या हातात केव्हा जातो ते कळतही नाही. यंदा आंबीला आमच्या अंगणात लोहगड उभा राहिला, तोही विंचूकाट्यासकट. दगड, माती, गोणपाट, वर पेरलेले अळीव, सारे माझ्या मुलाने एकट्याने केले. बाजारात तयार मावळे मिळत असताना त्याने शाडूच्या मातीचे बोटभर उंचीचे पंधरा मावळे घडवले आणि आठवडाभर सावलीत वाळवले. अस्तराचे काम तेवढे माझ्याकडे आले.

कोरी माती रंग पिऊन टाकते. वर उरतो तो डागाळतो आणि सुटतो. म्हणून आधी अस्तराचा हात द्यायचा. पूर्वी आम्ही खळीत खडूची पूड कालवून लावत असू. आता प्रायमरचा फवाऱ्याचा डबा मिळतो. पांढऱ्या अस्तरावर रंग उजळ दिसतो, काळे खाचांत सावली धरते, आणि करड्यावर घडणीतले दोष चटकन दिसतात. मी करडे घेतले. डबा दोन मिनिटे चांगला हलवायचा, वीतभर अंतरावरून हात सरकता ठेवून पातळ थर द्यायचा, तो वाळला की दुसरा. फार दुरून मारले तर थेंब वाटेतच सुकून खरखर बसते. फार जवळून मारले तर ओघळ येतात. इंद्रायणीवरचे धुके अंगणात असेल तर डब्याला हातच लावू नये. हे सारे मला ठाऊक होते.

तरी मी चुकलो. पहिल्या थराखालून मुलाच्या बोटांचे ठसे दिसू लागले. एकाचे नाक वाकडे, दुसऱ्याच्या पागोट्याला चीर. दोष दिसला की मास्तराला स्वस्थ बसवत नाही! मी जवळून एक दाट हात दिला, मग आणखी एक. ठसे बुजले. संध्याकाळी मुलगा मावळ्यांपुढे बराच वेळ बसून राहिला आणि म्हणाला, "बाबा, यांतला कोण कोणता, तेच ओळखू येत नाही."

त्या रात्री मला एक वही आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'माजा बा रानात गेला व्हता.' मी तांबड्या शाईने ते खोडून 'माझे वडील शेतात गेले होते' असे केले. पुढची दोन पाने तशीच तांबडी केली. मुलगा शुद्ध लिहू लागला. पण त्याच्या निबंधात त्याचा बा पुन्हा कधी आला नाही. त्याला पहिला नंबर मिळाला तेव्हा मी आनंदाने पेढाही खाल्ला होता.

मग अस्तर देऊच नये काय? तसे म्हणणेही खरे नव्हे. अजिंठ्याच्या लेण्यांत खडकावर आधी माती-भुशाचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र. जिथे गिलावा सुटला तिथे चित्रही गेले. सावंतवाडीचे कारागीर दशावतारी गंजिफाची १२० पाने रंगवतात, तेही आधी चिंचोक्याच्या खळीचा आणि खडूचा हात देऊनच. शुद्धलेखन, शिस्त, पाढे यांच्यावाचून पुढचे काहीच धरत नाही. मुलाला कोरे ठेवणे हे त्याला स्वातंत्र्य देणे नव्हे. तो आपला आळस आहे.

प्रश्न आहे तो जाडीचा. अस्तर रंगाला धरण्यासाठी असते, घडण बुजवण्यासाठी नव्हे. त्याने दोष दाखवले तर ते त्याचे कामच आहे. ते दुरुस्त करायचे ज्याने घडवले त्याच्या हाताने. आपण मात्र मुलांच्या भल्याचे नाव सांगतो आणि आपल्या डोळ्यांना खुपणारे तेवढे झाकून टाकतो. मला ते नाक सहन झाले नाही, एवढेच खरे.

दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा माती मळायला बसला. आठवडाभराने, ऊन वर आल्यावर, नवे मावळे फळीवर मांडले गेले. यांतही एकाचे नाक वाकडे होते. मी डबा त्याच्या हाती दिला आणि वीत पसरून फक्त अंतर दाखवले.