दिवसाउजेडी



निर्गम ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात चोराविषयी एक नियम आहे. वाचताना आपण तो भरभर ओलांडतो. घर फोडताना चोर सापडला आणि घरधन्याच्या हातून मेला, तर घरधन्यावर रक्ताचा दोष नाही. पण सूर्य उगवला असेल तर आहे. चोर तोच, घर तेच, फरक तेवढा सूर्याचा.

आपला कायदाही हा फरक मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी दिवसा घर फोडले तर १० वर्षांपर्यंत कैद आहे, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी फोडले तर १४ वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेतही हेच होते. कारण साधे आहे. झोपलेल्या घराची हाक शेजाऱ्याला ऐकू जात नाही. आलेला माणूस नुसता चोर आहे की जिवावर उठलेला, हे अंधारात कळत नाही. दिवसा कळते, म्हणून दिवसा चोराच्याही जिवाची जबाबदारी आपल्यावर येते.

आम्हा गिरडकडच्या लोकांना अंधार समजावून सांगायला नको. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की बॅटरी घेऊन ओलिताला जावेच लागते. शहरांनी अंधारावर दिवे लावले, आणि त्यांचा उपयोगही झाला. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींत प्रखर दिवे लावून पाहिले, तेव्हा तेथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. तेव्हा खांबावरचा बंद दिवा सुरू करा म्हणून ग्रामपंचायतीत जाणे, हेही आम्ही सत्कर्मच समजतो.

पण शेजारच्या हिंगणघाटचे काय? ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी, कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवले गेले. १० फेब्रुवारीला नागपुरात तिने प्राण सोडला. बरोबर दोन वर्षांनी न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. वर्तमानपत्रांनी 'एकतर्फी प्रेम' असे लिहिले. आम्हाला तो शब्द खटकतो. त्यात प्रेम कुठे होते?

अंधार पडायच्या आत घरी ये, असे आपण मुलींना बजावतो. ती तर सकाळी निघाली होती. उजेड चोराला भिववतो, कारण त्याला कोणी पाहू नये असे वाटते. ज्याला लोकांनी पाहिल्याची पर्वाच नाही, त्याला दिवा काय करणार? आणि पाहणारे आपणही कसे? एखाद्या मुलीच्या मागे कोणी लागला आहे, हे बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर रोज दिवसाढवळ्या दिसते. आपण पाहतो आणि 'आपल्याला काय करायचे' म्हणतो. घरी कळले तर तिचेच कॉलेज बंद होते. म्हणून ती सांगतही नाही.

प्रभू येशूला धरायला लोक रात्री मशाली घेऊन आले. क्रुसावर मात्र त्याला दिवसा चढवले, आणि तेथे उभे राहून पाहणारे पुष्कळ होते, असे संत लूक सांगतो.

आज मिस्सानंतर घरी गेल्यावर आपल्या मुलींना एकदा विचारून पाहा, वाटेत कोणी त्रास देतो का. आणि तिने हो म्हटले, तर तिचे कॉलेज बंद करू नका.