शेजारपण

लासलगांवच्या बाजारांतील कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, म्हणजे त्यांतील पेशी विटांसारख्या अलग दिसतात. तें अलगपण फसवें. भिंतींतून जीवद्रव्याचे धागे आरपार गेलेले असतात. सस्तन प्राण्यांच्या अंडाशयांत हें शेजारपण अधिकच विलक्षण आहे. तेथें अंडपेशी अर्धवट विभाजनांत थांबून राहते. भोवतालच्या पेशी तिच्या आवरणांतून बारीक बाहू घालून तिला पोसतात, आणि त्याच वाटेनें ‘थांब’ असा रासायनिक निरोपही पाठवितात. १९३५ सालीं पिंकस व एन्झमन यांनीं सशाची अंडपेशी पुटकांतून बाहेर काढली. तों थांबलेलें विभाजन तिनें आपण होऊन पुढें चालविलें!

मग हा अटकाव बंधन म्हणावा कीं पालन? आमची वडील मंडळी ‘पालन’ म्हणतील, आणि मुलीच्या शिक्षणाला तोच न्याय लावून मोकळी होतील. पण हें अर्धेंच पाहणें झालें. अंडपेशीही मुकी नसते. तिच्या स्रावांवांचून शेजारणी नीट वाढत नाहींत. १९९७ सालीं उंदरांतील या संपर्कद्वारांचें एक प्रथिन नाहींसें करण्यांत आलें, तेव्हां अंडपेशी व पुटक दोघांचीही वाढ खुंटली.

माझ्या मुलीला ‘थांब’ असें मीं अनेकदां म्हटलें आहे. तेव्हां ती काय म्हणाली होती, हें मात्र मला आठवत नाहीं.