बारभाईंचा फ्लॅट

माना वर करा. काल रात्री गॅसचा वास आला, तेव्हा काय केलंत? पंखा लावला! अरे, बटणाची एक ठिणगी पुरते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, आणि तिथंच तुम्ही गाद्या टाकून झोपता. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, एकाही बटणाला हात न लावता बाहेर पडायचं आणि बाहेरून 1906 ला फोन करायचा. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे मी सांगायचं?

'मला वाटलं, तो बंद करेल.' सहाही जणांचं एकच उत्तर! भाडं पैशापर्यंत वाटून घेता, मेसचा हिशेब चोख ठेवता. मेन स्विच कुठं आहे हे मात्र एकालाही ठाऊक नाही. नागपुरात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात आणि तुम्ही चालू कूलरमध्ये पाणी ओतता. तोही खिडकीत असा बसवलाय, की ती वाट बंद. दारासमोरच्या बोळात तुमच्या गाड्या. आग लागली तर निघणार कुठून?

शिवाय तळमजला. 23 सप्टेंबर 2023 ला तुम्ही आपापल्या गावी असाल, पण हा भाग ती रात्र विसरलेला नाही. मध्यरात्रीनंतर काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी घरांत शिरलं. शहरात चार जीव गेले. एलएडी कॉलेजच्या सुमारे 50 विद्यार्थिनींना बाहेर काढावं लागलं. तुमच्या मार्कशीट अजूनही कॉटखालच्या पेटीत आहेत.

सगळ्यात जास्त राग मला याचा आला: शेजारच्या गादीवरच्या मुलाला दमा आहे आणि त्याचा पंप कुठं असतो, हे कुणी कधी विचारलं नाही. त्याच्या वडिलांचा नंबर त्याच्याच लॉक केलेल्या मोबाइलमध्ये. रामदासपेठेत पावलापावलावर दवाखाने आहेत, पण तो बेशुद्ध पडला तर डॉक्टरला काय सांगाल?

संध्याकाळी सहाला मी येतोय. दाराच्या आतून कागद चिकटवलेला हवा: 112, 101, 108, सहा घरांचे नंबर, सहा रक्तगट. मेन स्विच प्रत्येकानं स्वतः बंद करून दाखवायचा. बोळ मोकळा हवा. आणि आत्ता बाहेर जाऊन घरी फोन लावा, काल काय घडलं ते आईला खरं सांगा.