समान वाटणीची संख्या

२०११ च्या जनगणनेने भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ अशी नोंदली. ती १ मार्चला आरंभ करणाऱ्या मध्यरात्रीची. त्यानंतर तुमसरच्या एखाद्या घरात पहिला टाहो फुटला असेल, पवनीजवळ वैनगंगेकाठी एखादी चिता पेटली असेल, आणि माणसांपुरता तो आकडा तिथेच शिळा झाला असेल. संख्या म्हणून मात्र ती कालातीत आहे. नश्वर जिवांची बेरीज अशी अविनाशी निघावी, या गोष्टीपाशी माझे मन पुन्हापुन्हा थबकते.

कागद-पेन्सिल घेऊन तिचे अवयव शोधावेत, तर दोनाने भागताच हाती येते ६,००,१६७, आणि पुढे ही संख्या कोणालाच दाद देत नाही. १६३ ने भागा, २६३ ने भागा, बाकी एक. अगदी दाराशी येऊन परतावे तसे. ७७५ चा वर्ग तिच्याहून मोठा असल्याने ७७३ या मूळ संख्येपर्यंत पडताळले की पुरे, आणि तिथवर गेल्यावर कळते की ६,००,१६७ स्वतःच मूळ आहे. जिल्ह्याचे तालुके सात. सातांत समान वाटू गेलो तरी दोन जीव उरतातच.

अवयवांनी दाद दिली नाही, तरी संख्येचे कूळ शोधण्याची आणखी एक वाट आहे. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी संख्यांची कुळे शोधली. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची पिढी जन्मते, आणि जिला असा जनक सापडत नाही तिला त्यांनी स्वयंभू म्हटले. भंडाऱ्याची संख्या स्वयंभू नाही. १२,००,३२३ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ११ मिळवली की ती अवतरते, आणि हा तिचा एकमेव जनक. ज्या माणसाला चार अंकांत वंशावळ दिसे, त्याला गणित हे आप्तांचे गोकुळ वाटत असले पाहिजे. हे प्रेम मला विद्वत्तेहून मोठे वाटते.

तर २ आणि ६,००,१६७ एवढेच मूळ अवयव असलेल्या या संख्येला एकाहून अधिक माणसांच्या समान गटांत वाटणी तीनच प्रकारे मान्य आहे: दोघादोघांच्या जोड्या, दोन समान अर्धुके, किंवा सगळा जिल्हा एकत्र. त्यांतली अर्धुके मला अस्वस्थ करतात. गणनेत पुरुष ६,०५,५२० आणि स्त्रिया ५,९४,८१४. म्हणजे स्त्रिया अर्ध्याहून ५,३५३ ने कमी. आषाढात धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून, मागे मागे सरकत रोवणी करणाऱ्या ज्या बाया हा जिल्हा पोसतात, त्यांच्याच बाजूला ही तूट. कागदावर ५,३५३ म्हणजे ५३ गुणिले १०१, क्षणात उलगडणारे. घराघरांतून ती कशी साचत आली, हे मात्र एकेका उंबरठ्याशी जाऊनच विचारावे लागेल.