नश्वराची निगा

समर्थ रामदासांच्या दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. आणि जे जे दृश्य ते ते नाशिवंत, शाश्वत ते एक परब्रह्मच, हा सिद्धान्त त्यांत इतक्या वेळा आणि इतक्या निर्वाणीने प्रतिपादिला आहे की, एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच येणारा लेखनक्रियेचा समास वाचताना मननशील वाचकाने क्षणभर थबकावे, हे साहजिकच आहे. तेथे ब्रह्म नाही आणि मायाही नाही. तेथे वाटोळे, सरळ, मोकळे अक्षर आहे, देशोदेशींचे बरू आहेत, टाक तोडण्याच्या तऱ्हा आहेत, हिंगूळ आहे, शाईचा संग्रह आहे, घोटलेल्या फळ्या, बासने, शेंदरी मेणकापड, आणि अखेरीस पुस्तकासाठी पेट्या व कुलपेसुद्धा आहेत. जे कालप्रवाहात खचितच वाहून जाणार, त्याला कुलूप कशासाठी?

हाताने पुस्तक घडविण्याच्या शिबिराची सामग्री सिद्ध करताना हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण या विद्येतील निम्म्याहून अधिक श्रम शिबिरार्थी येण्यापूर्वीच वेचावे लागतात आणि नंतर ते कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद मिळवावयाचा, बोरू चालावा म्हणून तो अकिकाच्या गोट्याने घोटावयाचा, जुजबंदी शिलाईसाठी घड्या घालून जुज पाडावयाचे आणि दोरा मेणावरून ओढून ठेवावयाचा, गव्हाच्या पिठाची खळ शिजविताना तिला कसर लागू नये म्हणून किंचित मोरचूद घालावयाचे. शाईचे काम तर सर्वांत सावकाश. दिव्याचे काजळ धरून ते बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलावयाचे. आणि हा खल उतावळेपणाने आवरला, तर काजळ डिंकात मुरत नाही, शाई टाकाच्या टोकाशी साकळते आणि वाळल्यावर अक्षर कागदावरून सुटू लागते. हिराकस आणि मायफळ यांची शाई करण्याचे श्रम कमी, परंतु ती कालांतराने तांबूस पडते आणि प्रसंगी कागदच खाते. काजळ म्हणजे निव्वळ कोळसा. तो उन्हाने विटत नाही.

एवढी यातायात कशासाठी, असे विचारले असता आपल्याकडे एक तयार उत्तर मिळते, ते चित्तशुद्धीचे. कर्माने ज्ञान उपजत नाही, परंतु निष्काम कर्माने अंतःकरण निर्मळ होते आणि मग ते ज्ञानाचे अधिकारी होते, हा विचार शांकर परंपरेने मोठ्या साक्षेपाने मांडला आहे आणि त्याविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. तथापि दौतीपुरते तरी ते उत्तर मला अपुरे वाटते. खलण्याचे प्रयोजन खलणाऱ्याचे मन शुद्ध होणे एवढेच असेल, तर कच्ची शाई आणि पक्की शाई यांत भेद तो काय उरला? मन एकाग्र झाले, हेतू साधला. मग अक्षर शंभर वर्षांनी झडो की उद्या झडो. समर्थांना हे मुळीच मान्य नाही. त्यांचा आग्रह वस्तूच्या कसाविषयी आहे. तरुणपणी काढलेले अतिबारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही, म्हणून अक्षर मध्यम असावे, असे ते बजावतात. म्हणजे लिहिणाऱ्याची बोटे कशी चालतात यापेक्षा वाचणाऱ्याचे डोळे कसे मंदावतात, याची तजवीज त्यांनी अगोदर केली आहे. देह नाशिवंत आहे हा वेदान्त येथे अक्षराचे माप ठरवितो.

आणि त्याहून मार्मिक आज्ञा कोऱ्या जागेविषयी आहे. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी आणि मजकूर मध्ये लिहावा, असे ते सांगतात, ते अशासाठी की, कागद कडेने झडला तरी अक्षर जाऊ नये. झिजण्याचा हक्क येथे कालाला अगोदरच देऊन टाकला आहे. मात्र त्याची हद्दही आखून दिली आहे. कागदाला अमर मानणारा माणूस कडेपर्यंत लिहितो, आणि कागद मिथ्या म्हणून त्याची उपेक्षा करणाराही कडेपर्यंतच लिहितो. जागा सोडतो तो तिसरा, ज्याला वस्तूचे मरणही ठाऊक आहे आणि तिच्याकडून पुढे कोणाला तरी काही पोहोचावयाचे आहे, हेही ठाऊक आहे. नश्वरतेचे ज्ञान माणसाला बेफिकीर करते, हा जो समज आपल्या धार्मिक बोलण्यात सर्रास आढळतो, तो मला घातक वाटतो. कारण ज्याची खात्रीपूर्वक हानी होणार, त्याचीच निगा राखावी लागते. शाश्वताला मेणकापडाची गरज नाही.

निष्काम या कल्पनेकडेही मग निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. फळाची आसक्ती नसणे म्हणजे फळाविषयी उदासीन असणे नव्हे. ज्याचे मुखही लेखकाने पाहिलेले नाही, अशा वाचकाच्या स्वाधीन ते फळ करावयाचे आहे, आणि म्हणूनच ते सदोष असता कामा नये. रामदासी परंपरेची बाडे आज धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात अभ्यासकांना उघडता येतात. ती बांधणाऱ्या, बरू तोडणाऱ्या, शाई खलणाऱ्या हातांनी तो अभ्यासक कल्पिलाही नसेल, परंतु त्याच्या हक्काचा मजकूर त्यांनी शाबूत ठेवला.

म्हणून शिबिराच्या यादीत तयार शाईच्या बाटल्या असाव्यात, ही सोयीची सूचना मला मान्य होत नाही. निदान पहिला प्रहर तरी प्रत्येकाने खलासमोर बसावे, आणि कागद हाती आल्यावर पहिली रेघ मजकुराची नव्हे, तर सोडावयाच्या जागेची आखावी.