पाडावे की सावरावे?



पावसाळा सरला की आपल्या भागात एक वाद हमखास डोके वर काढतो. जुन्या घराची भिंत फुगलेली असते, कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत तडा गेलेला असतो, माळवद गळत असते. थोरला मुलगा म्हणतो, "पाडून टाकू आणि स्लॅबचे बांधू." आई म्हणते, "माझ्या डोळ्यांदेखत तरी पाडू नका." सामाईक भिंतीपलीकडचा शेजारी म्हणतो, "तुम्ही पाडलेत तर माझा आधार जाईल, आणि नाही पाडलेत तर तुमची भिंत माझ्या अंगणात येईल." तिघांच्याही बोलण्यात तथ्य असते. म्हणूनच हा प्रश्न केवळ गवंड्यावर किंवा इंजिनिअरवर सोपवून मोकळे होता येत नाही. जुन्या वास्तूचे आपण काही देणे लागतो का? आणि तिच्या छपराखाली झोपणाऱ्यांचे काय देणे लागतो? हा नीतीचा प्रश्न आहे.

लातूर-नांदेडकडच्या माणसाला त्यासाठी लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसराची जमीन हादरली. गणेश विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांपैकी नव्हता. माणसे मेली ती मुख्यतः स्वतःच्या घराखाली.

त्यानंतर सगळीकडे एकच बोलले जाऊ लागले : दगडाने घात केला. ज्यांची घरे उभी राहिली होती, तेही आत झोपायला धजेनात. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढले, पण दगडी घर नको, असे म्हणणारी कुटुंबे थोडीथोडकी नव्हती. ही भीती समजण्यासारखी आहे. ज्याने ढिगारा उपसला त्याला शहाणपण शिकवण्याचा अधिकार कोणाला?

तरीही खरे कारण काय होते, हे पाहिलेच पाहिजे. त्या भिंती दोन-दोन, कुठे चार-चार फूट जाड होत्या. पण त्या एकसंध नव्हत्या. बाहेरच्या दगडांचा एक पदर, आतल्या दगडांचा दुसरा पदर, आणि मध्ये चिपा व मातीची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. हादरा बसताच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि ढासळले. वर माळवदाची माती फूट-दीड फूट, कुठे त्याहूनही अधिक. गळती लागली की मातीचा आणखी एक थर, असे ते ओझे वर्षानुवर्षे वाढत गेले होते. उलट, अनेक घरांत भिंती कोसळूनही लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या. म्हणजे जुने ते सगळेच वाईट नव्हते. दगडही गुन्हेगार नव्हता. एकमेकांना न बांधलेले दगड आणि कधीच न उतरवलेले ओझे, यांनी मिळून घात केला.

पुढे सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचे मोठे काम हाती घेतले. ५२ गावे नव्या जागी वसवली. काही गावांत घरे जुन्याच जागी पुन्हा बांधली. याखेरीज कमी नुकसान झालेल्या शेकडो गावांत दुरुस्ती आणि मजबुतीसाठी घरमालकांना पैसे आणि मार्गदर्शन दिले गेले. मजबुतीची रीत अवघड नव्हती : भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचे, चारही भिंतींभोवती एक पट्टा बांधायचा, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरपे लाकूड ठोकायचे, माळवदावरची जास्तीची माती उतरवायची.

पण लोकांनी काय केले? बहुतेकांनी त्या पैशांतून जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली उभी केली. जुने घर होते तसेच राहिले. ना पाडले, ना सावरले. मला वाटते, आपल्या पुष्कळशा निर्णयांचे हे नेमके चित्र आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याकडे आपण पाठ फिरवतो, पण तिला घरातून घालवतही नाही.

आता ज्यांनी सगळेच नवे घेतले त्यांच्याकडे पाहू. नवी गावे सरळ रेषेत आखली गेली, रस्ते रुंद झाले, घरे भक्कम झाली. ही लहान गोष्ट नाही; त्या भिंतींखाली मुले निर्धास्त झोपली. पण घराचा आकार ठरला तो जमिनीवरून : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. जुनी आळी, समोरासमोरची दारे, ओसरीवरून चालणारे बोलणे यांना नकाशात जागा मिळाली नाही. पुढे लोकांनी आपापल्या घरापुढे पत्र्याच्या खोल्या आणि पडव्या जोडून ती जागा स्वतःच करून घेतली. पाडून नवे बांधताना जुना अन्याय आपोआप पडत नाही, आणि जुना जिव्हाळा आपोआप उभा राहत नाही, हे त्यातून दिसते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात ॲरिस्टॉटल शिकताना घराचेच उदाहरण येते. विटा, दगड, लाकूड ही घराची सामग्री. पण त्यांचा ढीग म्हणजे घर नव्हे. माणसाला आणि त्याच्या वस्तूंना निवारा देईल अशी त्यांची रचना झाली की ते घर होते. हे मान्य केले तर एक कठोर गोष्टही मान्य करावी लागते. ज्या घरात झोपायला भीती वाटते, जे पावसात आणि हादऱ्यात आपल्याच माणसांच्या जिवावर उठेल, ते जुने असले, आजोबांनी बांधलेले असले, तरी घर म्हणून ते संपत आले आहे. त्याला पुन्हा घर करायचे, तर दगड बदलतील, छप्पर बदलेल. त्याने आजोबांचा अपमान होत नाही. आजोबांनी दगड रचले ते दगडांसाठी नव्हे, नातवंडांसाठी.

आपल्या भूकंपानंतर जवळजवळ चार वर्षांनी, २६ सप्टेंबर १९९७ रोजी, इटलीत असिसी येथे संत फ्रान्सिस यांच्या महामंदिराचे छत भूकंपात कोसळले. रात्रीच्या पहिल्या धक्क्याने झालेले नुकसान पाहायला काही जण आत गेले होते. दुसऱ्या धक्क्यात चौघे दगावले, त्यांत दोन फ्रान्सिस्कन होते. नंतर तपासणी झाली, तेव्हा एक कारण असे आढळले की छताच्या कमानींवर शतकानुशतके राडारोडा साचून त्याचे ओझे झाले होते. कुठे असिसीचे चित्रांनी नटलेले मंदिर आणि कुठे आपले माळवद! पण दुखणे एकच. तेथे मंदिर पाडले नाही आणि चुना लावून झाकलेही नाही. वरचे ओझे उतरवले, कमानींना नव्या काळाच्या साहित्याचे आधार दिले, फुटलेल्या भित्तिचित्रांचे तुकडे वेचून जमतील तेवढे जोडले, आणि १९९९ च्या नोव्हेंबरात मंदिर पुन्हा उघडले. जुन्याचा खरा आदर असा असतो. तो खर्चिक असतो आणि त्याला तपासणीची भीती वाटत नाही.

मग आपण काय करावे? प्रत्येक घराचे उत्तर वेगळे असेल. पण प्रश्नांचा क्रम ठरवता येतो.

पहिला प्रश्न : या छपराखाली कोण झोपते? अनुवादाच्या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा घालायला सांगितले आहे. कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल, हे त्यामागचे कारण. पाहुणा, भाडेकरू, भिंतीलगत खेळणारे शेजाऱ्याचे पोर, या सगळ्यांचा जीव घरमालकाच्या हिशेबात येतो. भाऊभाऊ वाटणीवर एकमत होईपर्यंत थांबतात, आणि तोवर त्या खोलीत भाडेकरू राहतोच. थांबणे हाही एक निर्णय आहे, आणि त्याची किंमत बहुधा दुसराच मोजतो.

दुसरा प्रश्न : आपण दुरुस्ती करतो आहोत की झाकाझाक? तड्यावर गिलावा करून वर रंग दिला की भिंत छान दिसते. पण पाहणाऱ्याशी, राहणाऱ्याशी, उद्या ते घर विकत घेणाऱ्याशी ते खोटे बोलणे आहे. सावरायचे असेल तर भिंत उघडून पाहिली पाहिजे. जाणकाराने पाहून सांगितले की ती बांधता येते, तर केवळ भीतीपोटी किंवा शेजाऱ्याचा स्लॅब पाहून ती पाडू नये. त्याने सांगितले की आता उपाय नाही, तर मनात अपराधी भाव न ठेवता पाडावी.

तिसरा प्रश्न : ठरवताना कोणाला विचारले? भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने हजाराहून अधिक गावांत स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. लोकांना माहिती द्यायची, कामावर लक्ष ठेवायचे, अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या, ही त्यांची कामे. दिवसभर घरात वावरणाऱ्या बाईला गळती कुठे आहे आणि चूल कुठे हवी हे जितके कळते, तितके ते कागदावर घर आखणाऱ्याला कळत नाही. आपल्या घरातल्या चर्चेत ती बोलते का?

आणि त्या आईचे काय, जिला डोळ्यांदेखत पाडलेले नको आहे? एज्राच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेल्यांनी नव्या मंदिराचा पाया घातला, तेव्हा तरुणांनी जयघोष केला आणि पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले. दोन्ही आवाज एकमेकांत इतके मिसळले की वेगळे ओळखू येईनात. त्या म्हाताऱ्यांना कोणी गप्प केल्याचे तिथे लिहिलेले नाही. आणि त्यांच्या रडण्यामुळे काम थांबले असेही नाही. घर पाडायचेच असेल तर आईला रडू द्यावे. तिच्या उंबरठ्याचा दगड, दाराची चौकट, एखादा खांब नव्या घरात बसवावा. तिच्यासाठी एवढे करता येते. तिच्यासाठी नातवंडांना फुगलेल्या भिंतीखाली झोपवणे मात्र योग्य नव्हे.

हा विषय जुना झालेला नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. मोठा धक्का ४.५ तीव्रतेचा होता. तेव्हा प्रशासनाने आवाहन केले, की पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. म्हणजे आपण अजूनही डोक्यावर दगड ठेवून झोपतो. ते काढायला ना कर्ज लागते, ना वाटणीपत्र. या आठवड्यात शिडी लावून तेवढे तरी करावे. आणि शेजारी एखादी आजी एकटी राहत असेल, तर तिच्या पत्र्यावरचेही दगड उतरवून त्याजागी पत्रा आकड्यांनी घट्ट बसवून द्यावा.

प्रभू आपल्या सर्वांच्या घरांना सुखरूप ठेवो.

आपले फादर