किरणोत्सर्ग आणि कारणाचा प्रश्न

रेडियम-२२६ चा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षे आहे. एवढ्या काळात त्याचे निम्मे अणू अल्फा कण बाहेर टाकून रेडॉन बनतात. रूदरफोर्ड व सॉडी यांनी १९०२ मध्ये मूलद्रव्यांचे असे रूपांतर मांडले आणि अणू अविनाशी असल्याची समजूत मोडली. वैशेषिक या भारतीय दर्शनातला परमाणूही नित्यच. मात्र त्याला आजच्या अणूशी एकरूप मानणे घाईचे ठरेल.

तत्त्वज्ञानाला अधिक छळते ती दुसरी गोष्ट. समूहाचा क्षय गणिताने सांगता येतो, पण अमुक एक अणू याच क्षणी का फुटला, हे सांगता येत नाही. अणू म्हातारा होत नाही. हजार वर्षे टिकलेल्या अणूची पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता नुकत्याच तयार झालेल्या अणूइतकीच असते. कारणावाचून कार्य नाही, हा न्याय-वैशेषिकांचा सिद्धान्त इथे अडखळतो. केंद्रकाची अस्थिरता हे क्षयाचे कारण म्हणता येईल, त्याच्या मुहूर्ताचे नाही. निसर्गाच्या मुळाशी निव्वळ शक्यता असावी, हे आइन्स्टाइनला पटले नाही; प्रचलित पुंजयामिकी तेच मानते. डेव्हिड बोमने १९५२ मध्ये निश्चिततावादी पर्याय मांडला, पण त्याची भाकिते तीच निघतात. त्यामुळे प्रयोगाने निवाडा होत नाही.